सांध्याची परीक्षा

तेरेखोल नदीच्या कांठीं वसलेलें बांदा हें गांव कोंकण आणि गोवा यांच्या शिवेवर आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी थोड्याच वेळांत गोव्यांत प्रवेश करतो, आणि तेथील जुन्या घरांच्या खिडक्यांकडे त्याचें लक्ष गेल्यावांचून राहत नाहीं. त्यांतील कित्येक खिडक्यांना कांचेचीं तावदानें नाहींत. लांकडी पट्ट्यांच्या खांचांत ओळीनें सरकवलेल्या चपट्या, दुधी रंगाच्या शिंपल्या आहेत. कांच जेव्हां दुर्मिळ होती, तेव्हां समुद्रानें दिलेल्या ह्या तावदानांवर किनाऱ्यावरील सुतारानें आपलें काम भागविलें. शिंपलीच्या कडा कापून तिला चौकोनी आकार द्यावा आणि खांचेंत बसवावी. प्रकाश आंत येतो, ऊन अडतें, आणि रस्त्यावरील माणसास घरांतलें कांहीं दिसत नाहीं. वाऱ्याच्या झोतानें फटींतून चार थेंब आंत आलेच, तर ते पुसून टाकले कीं काम झालें.

बांदा ज्या तालुक्यांत मोडतें, त्या सावंतवाडीची कीर्ति दुसऱ्या एका पदार्थावर उभी आहे. तो पदार्थ म्हणजे लाख. सावंतवाडीचें लाखकाम, तेथील लांकडी खेळणीं आणि रंगीत गंजिफा यांची ओळख महाराष्ट्रांतील घराघरांस आहे. लाख ही एका सूक्ष्म कीटकानें झाडाच्या फांदीवर निर्माण केलेली राळ होय. ऊब मिळतांच ती मऊ होते, निवतांच कठीण होते, आणि ज्यावर बसेल त्यास घट्ट धरून ठेवते. एके काळीं हिंदुस्थानची लाख साऱ्या जगास लागे. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या तिच्याच मिश्रणाच्या असत, आणि विजेच्या तारांस वेष्टण म्हणूनही तिचा उपयोग होई. तिला पर्याय शोधतां शोधतांच लिओ बेकलंड या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं बेकेलाइट हा पहिला पूर्णपणें कृत्रिम प्लॅस्टिक पदार्थ सिद्ध केला.

शिंपलीजवळ प्रकाश आंत सोडण्याचा गुण आहे. लाखेजवळ जोडण्याचा गुण आहे. हे दोन्ही गुण एकाच पदार्थांत एकत्र आणण्याचें काम विसाव्या शतकांतील रसायनशास्त्रानें केलें, आणि त्या पदार्थाचें नांव ॲक्रिलिक. दुकानांच्या पाट्या, बक्षिसांच्या ढाली आणि माशांच्या टाक्या या रूपानें तो सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचा एक उपयोग असा आहे कीं जेथें चार थेंब नव्हे, एक थेंबही खपत नाहीं. तो म्हणजे संगणकास थंड ठेवणाऱ्या पाण्याचीं भांडीं आणि झांकणें. पाणी आणि वीज हीं तेथें एकमेकांपासून बोटभर अंतरावर नांदतात, आणि त्यांच्यामध्यें उभा असतो तो केवळ एक सांधा. म्हणून ह्या पदार्थाचा इतिहास त्याच्या सांध्याच्या बाजूनें पाहणें उद्बोधक ठरेल.

इतिहासाचा आरंभ जर्मनींत होतो. फिटिग आणि पॉल या रसायनशास्त्रज्ञांना १८७७ सालीं असें आढळलें कीं, एक विशिष्ट प्रवाही पदार्थ आपोआप घट्ट होऊन पारदर्शक गोळ्यासारखा बनतो. पुढें १९०१ सालीं ओटो रोम या तरुणानें ट्युबिंगेन येथील विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला, तो ह्याच घराण्यांतील पदार्थांविषयीं होता. ह्या घट्ट होण्याचें मर्म समजण्यास साखळीचा दृष्टांत पुरेसा आहे. द्रवांत साखळीच्या कड्या सुट्या असतात. उष्णता, प्रकाश किंवा एखादें उत्तेजक द्रव्य यांच्या योगानें त्या एकमेकींत अडकूं लागतात, आणि हजारों कड्यांची एकेक लांब साखळी झाली म्हणजे द्रवाचा घन होतो. कड्या त्याच; केवळ त्यांचा संयोग नवा.

रोम यांनीं १९०७ सालीं ओटो हास यांच्या भागीदारींत जो व्यवसाय काढला, तो मात्र कातडीं कमावण्यास लागणाऱ्या द्रव्याचा होता. उपजीविकेचें साधन निराळें आणि मनाचा ध्यास निराळा, असा हा प्रकार पंचवीस-तीस वर्षें चालला. अखेरीस कांचेच्या दोन तक्त्यांमध्यें हा द्रव घट्ट करण्याच्या प्रयोगांतून स्वतंत्र पारदर्शक तक्ता हातीं आला, आणि १९३३ सालीं त्यास प्लेक्सिग्लास हें नांव मिळालें. इंग्लंडांत इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनींत जॉन क्रॉफर्ड यांनीं मूळ द्रव स्वस्तांत तयार करण्याची रीत बसविली, आणि तेथील तक्ता १९३४ पासून पर्स्पेक्स या नांवानें ओळखला जाऊं लागला. वजनानें कांचेच्या निम्म्याहूनही हलका, आणि आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ९२ भाग पलीकडे सोडणारा असा हा पदार्थ होता.

दुसऱ्या महायुद्धानें त्यास विमानांत नेऊन बसविलें. स्पिटफायर विमानाच्या वैमानिकावरील घुमटाकृति झांकण ह्याच पदार्थाचें असे. ऊब देऊन वांकवितां येतो, हा लाखेचाच गुण तेथें कामीं आला. कांहीं जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत ह्या झांकणाचे बारीक कण शिरून राहिले, तेव्हां लंडन येथील नेत्रवैद्य हॅरल्ड रिडली यांना असें दिसून आलें कीं डोळा ह्या परक्या पदार्थास विरोध करीत नाहीं. त्या निरीक्षणावरून त्यांनीं १९४९ सालीं मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यांत ॲक्रिलिकचें भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया केली. आज घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस जें वाचतां येतें, त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं ह्या शोधास आहे. देहाशीं सुद्धां ज्याचा सांधा बसतो, असा हा पदार्थ.

आतां कापण्याकडे वळूं. आरीनें ॲक्रिलिक कापतां येतें, परंतु दात्यांच्या घर्षणानें तें तापतें, वितळतें आणि कापलेली फट मागल्या मागें पुन्हां चिकटते. ह्या अडचणीवरचा सर्वांत सुबक उपाय ज्या संशोधकाच्या शोधांतून निघाला, त्याचा जन्म महाराष्ट्रांतला आहे. चंद्र कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामती येथें झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन ते अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले, आणि १९६१ सालीं बेल प्रयोगशाळेंत रुजू झाले. तेथें १९६४ सालीं त्यांनीं कार्बन डाय-ऑक्साइड वायूपासून लेसर किरण निर्माण करण्याची युक्ति शोधून काढली. हा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. तो उष्णतेच्या जातीचा आहे. गंमत अशी कीं, दिसणाऱ्या प्रकाशास मुक्तद्वार देणारें ॲक्रिलिक ह्या अदृश्य किरणास मात्र मुळींच पलीकडे जाऊं देत नाहीं. तें त्यास संपूर्ण गिळून टाकतें, आणि जेथें गिळतें तेथेंच क्षणार्धांत वाफ होऊन नाहीसें होतें.

ही वाफ कशाची, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. लांकूड जळलें तर त्याची राख उरते. ॲक्रिलिक अतिशय तापलें कीं त्याच्या साखळ्यांच्या कड्या एकामागून एक सुटत जातात, आणि ज्या द्रवापासून तें जन्मास आलें, त्याच द्रवाची वाफ बहुतांशीं मागें राहते. लेसरनें कापतांना कारखान्यांत जो तीव्र, गोडसर वास पसरतो, तो ह्या मूळ द्रवाचाच होय. म्हणजे कापणें हें एका अर्थीं तक्त्यास त्याच्या बालपणांत परत पाठविणें आहे. आज बहुतेक शहरांतील पाट्या बनविणाऱ्या दुकानांत बारामतीच्या ह्या सुपुत्राच्या शोधावर चालणारीं यंत्रें दिसतात, परंतु तेथें काम करणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस हें नातें ठाऊक असेल.

इतकी तयारी झाल्यावर संगणकाकडे यावें. संगणकाच्या गणनचकतीवर विजेचें जेवढें काम होतें, त्याचें शेवटीं उष्णतेंत रूपांतर होतें. टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेंत शंभर-दोनशे वॅट उष्णता निर्माण होणें, ही आजच्या शक्तिमान यंत्रांत नित्याची गोष्ट आहे. क्षेत्रफळाच्या मानानें पाहतां ही धग इस्त्रीच्या तळापेक्षां कितीतरी पटींनीं अधिक भरते. पंख्याच्या वाऱ्यानें ती हटविणें एका मर्यादेपर्यंतच शक्य असतें. कारण समान आकारमानाची हवा आणि पाणी घेतल्यास, तेवढ्याच तपमानवाढीसाठीं पाणी हवेच्या सुमारें ३,५०० पट उष्णता सामावून घेतें.

म्हणून पाणी संगणकाच्या सेवेस फार पूर्वींपासून लागलें. आय.बी.एम. कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत आपल्या मोठ्या यंत्रांत पाणी खेळविलें, आणि १९८० सालच्या ३०८१ या यंत्रांत चकत्यांची उष्णता लहान दट्ट्यांच्या द्वारें पाण्याच्या थंड पट्टीपर्यंत पोंचविली. क्रे-२ हा महासंगणक १९८५ सालीं आला, तेव्हां त्याचे विद्युत्-भाग वीज वाहून न नेणाऱ्या एका द्रवांत चक्क बुडविलेले होते, आणि शेजारच्या पारदर्शक टाक्यांत तो द्रव खळखळतांना पाहणाऱ्यांस दिसे. त्याच सुमारास हिंदुस्थानास हवा असलेला क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेनें नकार दिला. त्यांतून १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा देशी महासंगणक तयार झाला. त्याच परम मालिकेंतला परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविण्यांत आला. त्यांत द्रव थेट उष्ण भागांपाशीं नेऊन उष्णता काढून घेण्याची व्यवस्था आहे. दुसऱ्यानें नाकारलेली वस्तु स्वतः घडविण्याची जी जिद्द तेथें दिसली, तिचीच लहान आवृत्ति घरगुती कारागिरांत पाहावयास मिळते.

हे घरगुती कारागीर विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढें आले. त्यांना घरचा संगणक अधिक वेगानें चालवावयाचा होता, पण त्यास थंड ठेवण्याचें साहित्य बाजारांत सहज मिळत नव्हतें. तेव्हां त्यांनीं माशांच्या टाकीचा लहान पंप, मोटारींतील उष्णता-विसर्जक, तांब्याचा ठोकळा आणि ॲक्रिलिकचे तुकडे यांवर काम भागविलें. तांब्याचा ठोकळा गणनचकतीवर बसतो. त्याच्या खांचांतून पाणी फिरतें. वर ॲक्रिलिकचें झांकण असतें. आणि बाजूस ॲक्रिलिकचीच एक छोटी टाकी. झांकण पारदर्शक असल्यानें पाणी खरोखर फिरत आहे कीं हवा अडकली आहे, हें डोळ्यांनीं कळतें. शोभा हा नंतरचा भाग. प्रथम उपयोग होता तो पारख करण्याचा.

अशी टाकी घडवितांना पहिला विवेक करावा लागतो तो तक्त्याच्या जातीचा. एक तक्ता सांच्यांत ओतून सावकाश घट्ट केलेला असतो. दुसरा यंत्रांतून दाबून काढलेला. दुसरा स्वस्त आणि जाडीस अधिक एकसारखा, परंतु त्याच्या अंगांत दाबाचा ताण दडून राहतो आणि हत्यारापुढें तो लवकर मऊ होऊन चिकटतो. पाण्याच्या कामास ओतीव तक्ताच विश्वासाचा. दुसरा विवेक कडेचा. लेसरनें कापलेली कड आरशासारखी चकचकीत निघते, आणि नवशिका तिच्यावरच भुलतो. परंतु वरवर वितळून झटकन निवाल्यामुळें त्या चकाकीखालीं ताण सांचलेला असतो. अशा कडेस जोडद्रव्य लावतांच, किंवा कांहीं दिवसांनीं, केसासारख्या शेंकडों बारीक चिरा उमटतात. म्हणून जाणता कारागीर ती सुंदर कड कानशीनें आणि पॉलिश कागदानें घांसून सपाट करतो, किंवा तुकडे भट्टींत सुमारें ८० अंश सेंटिग्रेडवर कांहीं तास ठेवून हळूहळू निववितो. तापविण्यापेक्षां निवविण्यास धीर अधिक लागतो. घाईनें निवविलें तर काढलेला ताण पुन्हां आंत शिरतो.

यानंतर मुख्य काम, सांध्याचें. लाख दोन वस्तूंच्या मध्यें तिसरी होऊन बसते. ॲक्रिलिकच्या उत्तम सांध्यांत तिसरें कोणी नसतें. डायक्लोरोमिथेन, किंवा आपल्याकडील कारागीर पुष्कळदां वापरतात तें क्लोरोफॉर्म, ह्या द्रवांत ॲक्रिलिक विरघळतें. दोन्ही कडा एकमेकींस टेकवून सुईच्या तोंडाच्या बाटलीनें त्याचे थेंब सांध्यावर सोडले, म्हणजे दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा तो द्रव फटींत आपोआप पसरतो. दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरतात, त्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंतात, द्रव उडून जातो, आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. फट रुंद असेल तर तो धांवत नाहीं आणि बुडबुडे राहतात. म्हणजे सांध्याचें यश द्रव लावण्यापूर्वींच्या सपाटीवर अवलंबून असतें. या द्रवांची वाफ फुप्फुसांस घातक असल्यानें हें काम उघड्या हवेंत किंवा वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याखालींच करावयाचें असतें.

जेथें सांधा अधिक बळकट हवा, तेथें दुसरी रीत आहे. ॲक्रिलिकच्या मूळ द्रवांतच उत्तेजक द्रव्य मिसळून तें फटींत भरतात, आणि तें तेथेंच घट्ट होऊन तक्ता बनतें. कापतांना कड्या सुटल्या होत्या. येथें त्या पुन्हां जुळतात. फिटिग आणि पॉल यांनीं १८७७ सालीं जें पाहिलें, तेंच आज एखाद्या कारागिराच्या टेबलावर बोटभर फटींत घडत असतें.

परंतु कोठें जोडावें याइतकेंच कोठें जोडूं नये हेंही कळावें लागतें. एक मीटर लांबीचें ॲक्रिलिक १० अंशांनीं तापलें तर सुमारें ०.७ मिलिमीटर वाढतें. तेवढेंच तांबें ०.१७ मिलिमीटर. असे दोन स्वभाव एकमेकांस कायमचे चिकटविले तर रोजच्या तापण्या-निवण्यांत सांधा तुटणारच. म्हणून तांबें आणि ॲक्रिलिक यांच्यामध्यें खांच करून रबराचें कडें बसवितात आणि स्क्रूनें दाब देतात. रबर दोघांच्याही कलानें घेतें. नळ्या बसविण्यासाठीं ॲक्रिलिकमध्यें जे आटे पाडतात, तेथेंही पान्यानें जोर करणें घातक. पाणी अडविण्याचें काम रबराच्या कड्याचें आहे, बळाचें नव्हे. बोटांनीं घट्ट केलें कीं पुरे.

आणखी एक घात स्वच्छतेच्या नांवाखालीं होतो. डाग पुसण्यासाठीं स्पिरिट वापरण्याची अनेकांस संवय असते. ताण असलेल्या ॲक्रिलिकवर स्पिरिट पडलें तर आंत दडलेला दोष चिरांच्या रूपानें वर येतो. साधें पाणी आणि थोडा सौम्य साबण हेंच त्याचें खरें औषध.

शेवटीं परीक्षा. सर्व भाग जोडून झाल्यावर संगणकास वीज न देतां केवळ पंप चालवितात, आणि प्रत्येक सांध्याखालीं कोरडा टीपकागद ठेवून पुष्कळ जण २४ तास वाट पाहतात. कागदावर एक ओला ठिपका दिसला तरी सारें उलगडून पुन्हां आरंभ करावयाचा. शुद्ध पाणी विजेचें फारसें वहन करीत नाहीं, या भरंवशावर कोणी राहूं नये. तांब्यावरून आणि नळ्यांतून फिरतां फिरतां त्यांत क्षार मिसळतात, आणि मग बाहेर पडलेला एक थेंब महिन्या-महिन्यांच्या बचतीनें घेतलेलें यंत्र क्षणांत निकामी करूं शकतो. त्या एका रात्रींत कारागिराच्या आठवडाभराच्या कामाचा न्याय होतो. जी कड त्यानें कंटाळून घांसली नाहीं, जो तुकडा घाईनें निवविला, त्याची नोंद त्या कागदावर उमटल्यावांचून राहत नाहीं. आणि पुष्कळदां ती त्या रात्रीं न उमटतां कांहीं महिन्यांनीं उमटते. म्हणूनच दिसण्यांत निर्दोष असलेल्या सांध्यापेक्षां ज्याचा ताण काढलेला आहे, तो सांधा श्रेष्ठ.

गोव्यांतील जुन्या सुतारानें शिंपली खांचेंत सैल ठेवली, ती त्याच्या अज्ञानामुळें नव्हे. लांकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. शिंपली तशी नाहीं. ज्यांचे स्वभाव भिन्न, त्यांच्यामध्यें थोडी मोकळीक ठेवावी, हा नियम त्या खिडकींत आहे आणि तांब्याच्या ठोकळ्यावरील रबरी कड्यांतही आहे. ज्यांचा स्वभाव एक, त्यांनीं मात्र मध्यें तिसऱ्यास न घेतां एकरूप व्हावें, हा दुसरा नियम ॲक्रिलिकनें शिकविला. बांद्याहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशास पुन्हां कधीं तसली खिडकी दिसली, तर तिच्यांतून येणाऱ्या मंद प्रकाशाबरोबर शिंपलीच्या भोंवतालची ती केसभर मोकळी जागाही त्यानें अवश्य पाहावी.